आषाढी पौर्णिमा आणि गोपाळपूरचा काला



हरिभक्तहो, आषाढ शुद्ध द्वादशीची सकाळ ज्यांनी पंढरपुरात पाहिली असेल त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. आदल्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभर जागर झाला, दर्शनबारी कुठल्या कुठे गेली, कळसाचे दर्शन घेऊनच कितीकांनी डोळे पुसले. आणि द्वादशीला बारस सुटली, पुरणाचा घास पोटात गेला, की माणसांना घर आठवते. पेरणी झाली की नाही, म्हैस व्याली की नाही, पोराची शाळा, कचेरीतली रजा. वळकट्या बांधल्या जातात. एस्.टी.च्या तळावर अशी झुंबड उडते की विचारू नका. खिडकीतून टोपी टाकून जागा धरतात, आणि त्या टोपीवरून दोन वारकरी, जे काल एकमेकांच्या पाया पडत होते, ते आज हमरीतुमरीवर येतात!

अशाच एका गृहस्थांना आम्ही एकदा विचारले, "बुवा, एवढ्यात निघालात?" ते म्हणाले, "एकादशी झाली, दर्शन झालं, बारस सोडली. आता काय राहिलं?"

आम्ही म्हटले, "काला राहिला."

ते हसले आणि गाडीत चढले. हसण्यात वाईट काही नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की वारी पुरी झाली. आपल्या गावच्या सप्ताहात मात्र हेच गृहस्थ असे करणार नाहीत. सहा दिवस देवळाकडे न फिरकलेला माणूससुद्धा काल्याच्या कीर्तनाला अंगरखा घालून पुढे येऊन बसतो. काल्यावाचून सप्ताह सुटत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग पंढरीची वारी, जिला आपण सगळ्या सप्ताहांची आई म्हणावी, ती काल्यावाचून सुटते कशी? ती सुटते आषाढी पौर्णिमेला, गोपाळपुरात. त्या पौर्णिमेविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

प्रथम तिथीचाच विचार करू. आपले महिने ज्या नावांनी ओळखले जातात ती नावे पौर्णिमेनेच दिलेली आहेत. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास उगवतो त्याचे नाव महिन्याला मिळते. कृत्तिकेजवळ पूर्ण झाला तो कार्तिक, पूर्वाषाढा-उत्तराषाढांजवळ झाला तो आषाढ. म्हणजे महिन्याला नाव द्यायचे ते त्याच्या भरलेल्या दिवशी, रित्या दिवशी नव्हे. मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी बारसे करतो, इथे पंधराव्या दिवशी होते एवढेच!

आता गंमत अशी की आषाढातला हा पूर्ण चंद्र आपल्याकडे सहसा दिसतच नाही. कोजागरीला तो दुधात पाहून घ्यावा, त्रिपुरीला दीपमाळेच्या वर पाहावा. आषाढात वर पाहावे तर ढग. तरी पंचांग सांगते की तो आज पूर्ण आहे, आणि आपण पंचांगावर विश्वास ठेवून पौर्णिमा पाळतो. कोणी म्हणत नाही की दिसला नाही म्हणून पौर्णिमा झाली नाही. देवाच्या बाबतीत मात्र दिसत नाही म्हणून नाही असे म्हणायला लोक एका पायावर तयार असतात. असो, हे ओघात आले.

चंद्राच्या कला सोळा. प्रतिपदेपासून एकेक वाढत जाते आणि पौर्णिमेला सगळ्या एकत्र होतात. आमच्या लहानपणी एक वृद्ध कीर्तनकार या 'कला' शब्दाला एक काना जोडून 'काला' करीत आणि म्हणत, "वेगवेगळ्या असतात तोवर कला, एकत्र कालवल्या की काला!" व्याकरणाच्या पंडिताला हे रुचणार नाही, आणि काला हा शब्द कालविण्यातूनच आला हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कीर्तनातला शब्द व्याकरणाच्या तराजूत टाकायचा नसतो. बुवांनी सांगितलेले आम्हाला साठ-सत्तर वर्षे आठवते आहे, त्यातच त्याचे प्रयोजन झाले.

गोपाळपूर पंढरीच्या दक्षिणेला, गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. लहानशी टेकडी, तिच्यावर गोपाळकृष्णाचे तटबंदीचे देऊळ. परंपरेने सांगतात ते असे: रुक्मिणीमाता रुसून दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधीत भगवान द्वारकेहून निघाले, बरोबर गाई आणि गोपाळ. देव पुढे पंढरीत गेले, पुंडलिकाने विटेवर उभे केले ते उभेच राहिले. गोपाळ आणि गाई मात्र मागे राहिल्या त्या या टेकडीवर. म्हणून हे गोपाळपूर. जवळच भीमेच्या पात्रात विष्णुपद आहे, मार्गशीर्षात देव तिथे वस्तीला असतो असा भाव आहे. याच गोपाळपुरात जनाबाईची जागा दाखवतात, तिचे जाते दाखवतात. ज्या जात्याला देवाने हात लावला ते जाते पाहायला बायका गर्दी करतात, दळणाचे एक-दोन फेरे ओढूनही पाहतात. आम्हाला एकदा एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आम्ही जन्मभर दळलं, आमच्या जात्याला न्हाई कुणी हात लावला." आम्ही तिला काय उत्तर देणार? तिच्या घरच्या माणसांनी तरी लावायला हवा होता, एवढे मनात आले.

पौर्णिमेच्या सकाळी पालख्या आणि दिंड्या एकामागून एक गोपाळपुरास येतात. आळंदीहून माउली, देहूहून तुकोबाराय, आणि इतर संतांच्या पालख्या. मागे राहिलेली माणसे आता थोडकी असतात. एकादशीचा जो महापूर होता त्याचे पाणी ओसरलेले असते आणि पात्र स्वच्छ दिसू लागलेले असते. आम्हाला खरे सांगायचे तर हीच वारी अधिक आवडते. कुणाची धक्काबुक्की नाही. काल्याची कीर्तने होतात. या कीर्तनात बाळक्रीडा गायची, हा दंडक. इतर दिवशी ज्ञान सांगा, वैराग्य सांगा, आज सांगायचा तो यशोदेचा पोर, त्याच्या खोड्या आणि त्याचे सवंगडी. मग दह्याची हंडी फुटते आणि काला वाटला जातो.

काल्यात काय असते? ज्वारीच्या लाह्या, दही, ताक, पोहे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची, आले, लोणच्याची फोड, मीठ. कोणी डाळिंबाचे दाणे घालतात. ज्याच्या घरी जे असेल ते. महत्त्वाचे ते हे की काला वाढून घ्यायचा नसतो, भरवायचा असतो. शेजारी उभा असेल त्याच्या तोंडात आपण घास घालायचा आणि त्याने आपल्या. त्याचे नाव विचारायचे नाही. सोवळे, उष्टे, विटाळ या शब्दांना तेवढा वेळ वेशीबाहेर बसवायचे.

हा काला आला कुठून, ते भागवताच्या दशम स्कंधात, तेराव्या अध्यायात आहे. वासरे चारायला गेलेली मुले दुपारी यमुनेच्या वाळवंटात बसली. मध्ये कृष्ण, सभोवती मुलांची कडी. कोणी फुलांवर, कोणी पानांवर, कोणी सालीवर, कोणी शिंक्यातच शिदोरी घेऊन खाऊ लागला. आणि देव? त्यांनी मुरली कमरेला खोवली, डाव्या हातात दहीभाताचा गोळा घेतला, आणि हसत हसवत जेवू लागले. यज्ञातला हविर्भाग घेणारा तो, पोरांच्या पंगतीत बसला. व्यासांनी हे जिथे लिहिले तिथे वर उभे राहून पाहणारे देवही चकित झाले असे म्हटले आहे. आणि का होऊ नयेत?

आपल्या संतांनी हीच शिदोरी मराठी मातीत कालवली. त्यांच्या गोकुळात पेंद्या आला, वाकड्या आला, बोबडा आला. पेंद्या पायाने अधू. कोणाची ताजी भाकर, कोणाची शिळी, कोणाच्या फडक्यात नुसती कण्या-ताकाची मिळवणी. एखाद्याच्या आईने काहीच बांधून दिलेले नाही, तो शिदोरी पाठीमागे लपवून बसला आहे असे दाखवतो, कारण लपवायला शिदोरीच नाही. देव काय करतो? सगळ्यांना सांगतो, सोडा रे आपापल्या शिदोऱ्या आणि टाका एका ठिकाणी. एकदा कालवल्यावर कोणी काय आणले हे कोणाला कळणार? ज्याने लोणी आणले त्याची मिरवणूक गेली आणि ज्याने काही आणले नाही त्याची लाज गेली. आम्हाला वाटते, काल्याचे सगळे मर्म त्या न आणलेल्या शिदोरीत आहे. गरिबाला अन्न देणारे पुष्कळ असतात. त्याची लाज झाकून अन्न देणारा विरळा.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगतो. हा काला आपल्याला मिळावा म्हणून स्वर्गातल्या देवांच्या जिभेला पाणी सुटले. खाली यावे तर गोपाळांच्या पंगतीत बसायला मोठेपणा आड येतो. मग त्यांनी युक्ती काढली. जेवण झाल्यावर मुले यमुनेत हात धुतील, तेव्हा पाण्यातले उष्टे तरी मिळेल, म्हणून ते मासे होऊन यमुनेत शिरले. अंतर्यामी कृष्णाने ओळखले. तो मुलांना म्हणाला, "आज पाण्यात हात नाही धुवायचे. घोंगडीला पुसा!" मुलांनी हात घोंगडीला पुसले आणि देव तसेच उपाशी परत गेले.

लहानपणी या कथेला आम्ही पोटभर हसायचो. मोठेपणी विचार आला, भगवंताने असा कोतेपणा का केला असेल? चार शिते मिळाली असती त्या बिचाऱ्यांना, काय बिघडले असते? पण देवांना काला हवा होता, गोपाळ नको होते. पेंद्याच्या हातचे उष्टे चालेल, पण पेंद्याच्या मांडीला मांडी लावणार नाही. चोरून, पाण्याखालून, कोणी न पाहता मिळाले तर घ्यायचे. अशांना काला मिळत नाही. पंगतीत बसले असते तर कृष्णाने स्वतः भरवला असता.

वाचकहो, हे आम्ही कोणाला उद्देशून बोलत नाही. आमच्याच पदरी एक गोष्ट आहे, ती इतकी वर्षे कीर्तनात कधी सांगितली नाही, आज लिहितो.

१९५४-५५ साल असेल, आमचे वय दहाच्या आतबाहेर. गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन झाले. बुवा नामांकित, वाणी रसाळ. त्यांनी हीच मासे झालेल्या देवांची कथा सांगितली, पेंद्याचा उष्टा घास देवाने कसा खाल्ला ते सांगितले, मंडपात माणसे हसली, रडली. हंडी फुटली. देवळाच्या आवारात काला वाटून झाल्यावर आम्हा दोघा पोरांच्या हाती एक मडके देऊन सांगण्यात आले, "पाराच्या पलीकडे लोक उभे आहेत, त्यांना द्या. वरून टाका." पाराच्या पलीकडे कोण उभे होते ते सांगायला नको. सातही दिवस ते तिथूनच कीर्तन ऐकत होते. आम्ही मडके घेऊन गेलो आणि शिकवल्याप्रमाणे वरून टाकू लागलो. त्यांत आमच्या शाळेतला एक मुलगा होता. शाळेत तो पाढ्यांत आमच्या पुढे. त्याने ओंजळ केली, पण ती जरा वर धरली, आमच्या हाताजवळ. आम्ही हात आणखी उंच नेला. अर्ध्या लाह्या ओंजळीत, अर्ध्या धुळीत. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बुवा तर म्हनले देवानं पेंद्याचं उष्टं खाल्लं. मंग तू मला हातावर का न्हाई देत?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने कीर्तन ऐकले होते आणि त्याला शंका आली होती, एवढेच. मंडपात पुढे बसलेल्या शंभर-दीडशे माणसांपैकी कोणाला ती आली नव्हती. आम्ही उरलेला काला तसाच भराभर टाकला आणि पळालो. रात्री आजोबांना विचारले. आजोबा माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. ते पुष्कळ वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "झोप आता."

त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्याच्याही आधी, १९४७ च्या मे महिन्यात, विठ्ठलाचे देऊळ सर्वांना उघडे व्हावे म्हणून सानेगुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले होते. देऊळ उघडले, हे खरे. पण ज्या दारात नामदेवरायांची पायरी आहे आणि जिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे, ते दार उघडायला उपोषण करावे लागले, हे आपल्या सांप्रदायाने विसरू नये. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवराय तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे कानाशी लावली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरीस आणली. एवढी ओळख पटवून आणली ती दाराबाहेरच राहिली, आणि आपण सहा-साडेसहाशे वर्षे त्यांच्यावरून आत जात राहिलो, आमचे ज्ञान केवढे मोठे!

तो मुलगा पुन्हा काल्याला आला नाही. १९५६ साली नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याच्या घरानेही घेतली. गावात पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हाला मात्र त्याला दोष देण्याचा काही अधिकार उरला नव्हता. पुढे तो शिकला, शहरात नोकरीस गेला. आणि योग पाहा, आषाढी पौर्णिमा त्यांच्याकडेही मोठीच. भगवान बुद्धांनी सारनाथला पाच भिक्षूंना पहिला उपदेश केला तो याच पौर्णिमेला, आणि त्यांचा वर्षावासही इथूनच सुरू होतो. म्हणजे आम्ही गोपाळपुरात असतो तेव्हा तो विहारात असतो. चंद्र एकच.

कित्येक वर्षांनी तो आमच्या घरी आला. आम्ही नुकतेच वारीहून परतलो होतो. उपरण्याच्या गाठीला गोपाळपूरचा थोडा प्रसाद होता, कोरड्या लाह्या. आम्ही गाठ सोडली आणि त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने पाहिले, आम्हीही पाहिले. दोघांनाही पार आठवला असणार. तो एवढेच म्हणाला, "मऊ पडल्यात की." आणि खाल्ल्या. मग दोघांच्या पाटीवरचे पाढे, मास्तरांची छडी, असल्या गोष्टी निघाल्या.

आता याच पौर्णिमेचे दुसरे नाव घेऊ. हिला व्यासपौर्णिमा म्हणतात, गुरुपौर्णिमा म्हणतात. व्यासांनी वेदांची विभागणी केली, महाभारत रचले, पुराणे सांगितली, म्हणून ते आद्य गुरू. त्यांची पूजा करून मग आपापल्या गुरूची करायची, असा शिष्टाचार. पण हे व्यास कोण? पराशर ऋषींचे पुत्र हे आपण चटकन सांगतो. आई कोण, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. आई सत्यवती, नाव वल्हवणारी, कोळ्याच्या घरी वाढलेली पोर, जिला मत्स्यगंधा म्हणत. यमुनेच्या बेटावर जन्म झाला म्हणून द्वैपायन आणि वर्णाने काळे म्हणून कृष्ण. ज्या यमुनेत देव मासे होऊन उष्ट्यासाठी फिरले, त्याच यमुनेत होडी चालवणाऱ्या मुलीच्या पोटी जगाचा गुरू जन्मला. काला आणि गुरुपूजा एकाच दिवशी कशी आली याचे शास्त्र आम्हाला सांगता येणार नाही. पण ती आली हे बरे झाले.

आपल्या संतांचे गुरू पाहा. ज्ञानोबारायांचे गुरू कोण? थोरले भाऊ निवृत्तिनाथ. घरातच गुरू, बाहेर शोधायला जावे लागले नाही. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती पानापानावर निवृत्तिनाथांचे नाव घेत. चौदाशे वर्षे जगले असे ज्यांच्याविषयी सांगतात त्या चांगदेवांनी पाय धरले ते मुक्ताबाईंचे, एका लहान मुलीचे. शिऊरच्या बहिणाबाई ब्राह्मणाच्या घरच्या. त्यांनी तुकोबारायांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने छळले, मारले, तरी त्यांनी मन पालटले नाही. आणि नामदेवराय! देवाशी बोलणारे, देव ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो असे. त्यांच्याविषयी गोरोबाकाका काय म्हणाले? सगळे संत जमले होते. मुक्ताबाईने विचारले, काका, तुमची थापटी मडकी पारखते ना, मग ही मडकी पारखा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे गप्प बसले. नामदेवराय तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडके कच्चे! नामदेवराय रडत देवाकडे गेले. देवाने काय करावे? त्यांची समजूत काढावी? देव म्हणाला, खरे आहे ते, तू गुरू कर. मग नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "बाबा, म्हातारपणी कळत नाही. जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव." नामदेव पाय उचलून ठेवील तिथे पिंड दिसू लागली. एका देवळात एक देव पाहणाऱ्या नामदेवांना सगळीकडे देव दिसला, आणि मडके पक्के झाले.

गोरोबांची थापटी आज कोणी कोणाच्या डोक्यावर मारील का? आणि मारली तर आपण दुसऱ्या दिवशी त्या देवळात जाऊ का? आजकाल गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा होतात, हार होतात, पाकिटे होतात. ज्याच्या पायावर पाकीट मोठे त्याला मांडी जवळची. आम्ही म्हणत नाही की सगळे गुरू असेच. पण गुरू करताना एवढे पाहावे की तो आपल्याला कच्चा म्हणायला भितो की नाही. जो भितो त्याला आपल्या दक्षिणेची गरज आहे.

वारकऱ्याच्या घरी या दिवशी फार थाट नसतो. माळ ज्यांच्या हातून घातली त्यांचे स्मरण करावे. ते हयात असतील तर जाऊन नमस्कार करावा, नसतील तर ज्ञानेश्वरीला फूल वाहावे. आई-वडिलांच्या पाया पडावे. पोथीवरची धूळ पुसावी, आणि नुसती पुसू नये, एखादा अध्याय वाचावा. माळेबरोबर जी वचने दिली, खोटे बोलणार नाही, मद्यमांसाला शिवणार नाही, परस्त्री मातेसमान, एकादशी आणि वारी, ती त्या दिवशी एकदा मनाशी मोजावीत. किती शिल्लक आहेत ते आपले आपल्याला कळते. त्यासाठी कीर्तनकार लागत नाही.

जे पंढरीस जाऊ शकत नाहीत त्यांनी घरीच काला करावा. मूठभर लाह्या आणि वाटीभर दही कोणाला जड नाही. मात्र घरच्या चौघांनीच खाऊन वाटी विसळू नये. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून किंवा भिंतीवरून बोलणे बंद आहे त्याला बोलवावे, आणि वाटी त्याच्या पुढे ठेवू नये, घास भरवावा. त्याने तोंड फिरवले तर? फिरवील. आपण पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे. वारी एका वर्षाची नसते.

दुपारी काला संपतो. मग संतांच्या पादुका विठोबाच्या भेटीस देवळात नेतात. तो निरोप ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला, आम्हाला तो लिहिता येत नाही. भेट होऊन पालखी परत फिरते. जाताना अडीच आठवड्यांची वाट, येताना ती पुष्कळ थोड्या दिवसांत उरकतात. पेठा तशा भरलेल्या नसतात, वाटेवर कोणी चहाची पातेली मांडून बसलेले नसते, पाऊस असतो, चिखल असतो. तरी काही माणसे चालतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून चंद्रही उतरू लागतो.

आणि इकडे देव? देवशयनी एकादशीला देव निजतो म्हणतात. पंढरीत उलटे. वारीसाठी देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो आणि तो रात्रंदिवस उभा असतो, लेकरे आली आहेत म्हणून. पौर्णिमा होऊन गर्दी पांगली की मग पुजारी प्रक्षाळपूजा करतात. देऊळ धुतात, देवाला कोमट पाण्याने न्हाऊ घालतात, पलंग पुन्हा मांडतात, आणि उभे राहून आलेला शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. सुंठ, मिरी, गूळ घातलेला तो काढा घेऊन देव निजतो.

एस्.टी.त चढलेले आमचे ते गृहस्थ पुढच्या वर्षी भेटले. पौर्णिमेपर्यंत थांबले होते. "महाराज," ते म्हणाले, "काल्यात एका अनोळखी माणसानं घास घातला तोंडात. मीठ फार होतं." आम्ही म्हटले, "मग?" ते म्हणाले, "मग काय, गिळला. आणि मीपण त्याला घातला. त्यालाबी खारटच लागला असंल."

रामकृष्णहरि.